जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलताना सॉकेट कसं तपासलं : माझा अनुभव

माझा थिंकपॅड टी४३०, मॉडेल २०१२ चं, आत आय५-३३२०एम म्हणजे इंटेलचा तिसऱ्या जनरेशनचा, दोन कोअरचा प्रोसेसर. रॅम आणि एसएसडी आधीच टाकून झालेलं, उरला प्रोसेसर. पण लॅपटॉपात प्रोसेसर बदलता येतो का हाच पहिला प्रश्न, कारण पाचव्या जनरेशनपासून इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेले येतात, आणि नावात शेवटी यू असेल तर त्याआधीचेही सोल्डरच. मावसभावाचा आय५-५२००यू तिथेच बाद झाला, त्याला म्हटलं तू एसएसडी टाक आणि गप्प बस.

माझ्यात सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं, पॅकेजसमोर ९८८बी आरपीजीए, म्हणजे पिनवालं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची खाच), प्रोसेसर निघणारं. पण नुसतं सॉकेट जुळून भागत नाही हो, आधीच्या टी४२० मॉडेलला पण हेच सॉकेट आहे तरी त्याच्या मूळ बायोसवर (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर चालत नाही. म्हणून सॉकेट, चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप)-बायोस आणि वॅट तिन्ही बघायचं. मूळ प्रोसेसर ३५ वॅटचा, कूलिंग त्याच हिशोबाचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकजण ३६१०क्यूएम गळ्यात मारत होता, "थर्ड जनरेशन आहे ना, मग बसणारच!" बसतो खरा, पण तो ४५ वॅटचा, उन्हाळ्यात तापून स्पीड पाडणार. मला हवा होता ३६३२क्यूएम, चार कोअर आणि ३५ वॅटच. गंमत अशी की हा पिनवालाही मिळतो आणि सोल्डरचाही, नाव सेम, म्हणून विकणाऱ्याकडे आधी खालच्या बाजूचा फोटो मागितला. पिना दिसल्या तर घ्यायचा, सोल्डरचे बारीक गोळे दिसले तर सोडायचा. आल्यावर भिंगातून एकेक ओळ बघितली, एखादी पिन वाकलेली असली की सगळं मुसळ केरात.

बसवणं त्यामानाने सोपं. बॅटरी काढली, कीबोर्ड आणि पामरेस्ट काढला, मग फॅन. सॉकेटशेजारी एक स्क्रू असतो तो चपट्या पेचकसाने फिरवला की प्रोसेसर सुटतो, ओढायला लागत नाही. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नवा ठेवला की आपोआप खाली बसतो, दाबायचं अजिबात नाही. थर्मल पेस्ट मात्र नवीनच लावा. चालू केला तर बायोसमध्ये नाव बरोबर आलं आणि टास्क मॅनेजरमध्ये आठ थ्रेड, म्हणजे दर कोअरला दोन! व्हिडिओ एक्सपोर्टला फरक लगेच कळला, नुसतं ब्राउझिंग करणाऱ्याने मात्र या भानगडीत पडू नये.