नेपाळचा नारळ

आमच्या वाडीचं वार्षिक संमेलन मे महिन्यात. तारीख मुंबई मंडळ ठरवतं, मांडव ग्रामीण मंडळ घालतं आणि खर्चावरून भांडण दोघं मिळून करतात. सकाळी सत्यनारायण, दुपारी हळदीकुंकू आणि दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार, रात्री नमनाचा खेळ. पण चाकरमानी खरा थांबतो तो संध्याकाळच्या लिलावाला. पूजेतली फळं, नारळ, एखादी हापूसची पेटी सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या चौथऱ्यावर मांडतात आणि पुकारायला आमचे काका उभे राहतात. हर्णै बंदरावर त्यांनी जन्मभर मासळीचा लिलाव पुकारला. सुरमईला जो आवाज, तोच नारळाला. "एकवार… दोनवार…" म्हणत असे रोखून बघायचे की समोरचा उगाच पन्नास वाढवायचा. त्या पैशांतून देवळाचे पत्रे झाले, पाखाडीची पायवाट झाली, खुर्च्या आल्या. सगळं आपलं आपल्यालाच.

2015 साली त्यात दाजू घुसला. दाजू म्हणजे आमच्या बागेचा नेपाळी राखणदार. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. आमची सत्तरीची आईही त्याला दाजूच म्हणायची. पाऊस संपला की यायचा, आंबा उतरला की जायचा, मधले महिने वांदरांच्या मागे. 25 एप्रिलला तिकडे भूकंप झाला. दाजूचं गाव पार पश्चिमेला, तिथे भिंतसुद्धा पडली नव्हती. आम्ही म्हटलं, सुटला. पण तो धड जेवेना. 12 मेला पुन्हा जमीन हादरली आणि त्याच आठवड्यात आमचं संमेलन होतं.

लिलाव सुरू व्हायच्या आधी तो काकांच्या कानाला लागला आणि मग थेट माइकसमोरच आला. मांडवाखाली जळलेला एक स्पीकर पडला होता, त्यातलं चुंबक त्याने काढून आणलं होतं. चुंबकाला सुतळी बांधली, आरतीच्या तबकातली चिल्लर फरशीवर पसरली आणि सुतळी वरून सोडली. एक-दोनची नाणी टकटक येऊन चिकटली, पाचचं पितळी जागचं हललं नाही. पोरं टाळ्या पिटायला लागली. दाजू म्हणाला, "मी दहा वर्षांचा होतो. पशुपतीजवळ बागमती नदीत असाच पैसा काढायचा. रात्री गौशालाच्या चौकात झोपायचा. लोक बोलायचे, खाते."

खाते म्हणजे काठमांडूत कचरा वेचणारं, रस्त्यावर राहणारं पोर. शब्द शिवीसारखाच वापरतात. थंडी आणि भूक कळू नये म्हणून पिशवीतला चिकट डिंक हुंगायचा, हेही त्याने सांगितलं, तेव्हा बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. दोन वर्षांनी एका निवाऱ्यातल्या सरांनी त्याला उचलून नेलं, तिथे तो अक्षरं शिकला. "आता घर पडला की पोरगा काठमांडू येणार. तिकडे पहिला कोण भेटतो? दलाल."

खजिनदारांनी लगेच शंका काढली. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं, हिशेबात नेपाळ कुठल्या रकान्यात दाखवायचं? माणूस वाईट नाही, पण वहीपलीकडे त्याला काही दिसत नाही. काकांनी उत्तरच दिलं नाही. एक नारळ उचलला आणि पुकारलं, "हा मंडळाचा नाही! हा नेपाळचा!" पहिली बोली दाजूचीच, 50 रुपये. मग दोन भावकीतले जुने वैरी एकमेकांना भिडले आणि नारळ 11,000 ला सुटला. एवढी किंमत आमच्या पेटीलाही कधी आली नव्हती.

नेपाळला पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना 2008 पासून होती, तेव्हा एका वेळी 50,000 रुपयांपर्यंत. तरी फॉर्म भरण्यात अख्खी सकाळ गेली. आपल्या 100 चे तिकडे 160 होतात, त्यामुळे सरांच्या हाती 17,600 पडले. त्यांनी ब्लँकेटांच्या पावतीचा फोटो पाठवला, तो खजिनदारांनीच फ्रेम करून आणला!

तेव्हापासून दरवर्षी शेवटचा नारळ नेपाळचा, आणि बोली दाजूनेच उघडायची.

2020 मध्ये संमेलन नव्हतंच. टाळेबंदीत दाजू इथेच अडकला आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्यासोबत माजघरात बसून होता. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही आडव्या माडांकडे बघत उभे, तर हा चिखलातून एक नारळ शोधून, सोलून, ओसरीवर ठेवून मोकळा. वीज यायला काही आठवडे गेले. मग व्हॉट्सॅपवर लिलाव झाला, काकांनी "एकवार, दोनवार" आवाज भरून पाठवलं आणि डोंबिवलीच्या एकाने नारळ घेतला. पैसे त्याच दिवशी आले.

चार दिवसांनी त्याचा फोन, "माझा नारळ कुठाय?" तेव्हा दाजू आणि मी त्याच नारळाच्या वाटणातलं सुक्या बोंबलांचं कालवण ओरपत होतो.