तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरचा बायसनचा खिमा

"बायसन म्हणजे बीफच ना? आणि ते खरंच तब्येतीला चांगलं असतं का?"

अमेरिकेत डेन्व्हरला राहायला आल्यापासून हे दोन प्रश्न मी किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. मंडळाच्या सहलीत डबा उघडला की विचारतात, कोल्हापूरला फोन लावला की विचारतात. मावसभाऊ तर सरळ म्हणाला, "अक्का, तिकडं गव्याचं मटण मिळतंय म्हणं. आम्हाला हितं कुठं मिळंल?" घाईत दिलेल्या उत्तरानं कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी भावाचं. हा आपला गवा नव्हे. आमच्याकडे राधानगरीच्या अभयारण्याला जुनी माणसं अजून 'बायसन अभयारण्य' म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. शाळेत असताना दाजीपूरला मी पहिला गवा पाहिला. काळाभोर, अंगावर तेल चोपडल्यासारखा तुकतुकीत आणि चारी पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. अमेरिकन बायसन म्हणजे वेगळंच जनावर. तपकिरी, केसाळ, दाढीवालं, खांद्यावर भलंमोठं वशिंड. गव्याला आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, गोव्याचा तर तो राज्यप्राणी आहे. त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. बायसन इथे रँचवर पाळतात आणि तपासणी होऊन त्याचं मांस दुकानात येतं.

आता बीफचं. इथे बायसनला सर्रास 'बफेलो' म्हणतात, आणि आपली बरीच मंडळी या नावाचा आधार घेतात: म्हैसच ती, गाय कुठे आहे? मला हे पटत नाही. बायसन म्हशीपेक्षा गाईला जवळचा आहे. गाय आणि बायसन यांचा संकर होतो, त्याला इथे बीफॅलो म्हणतात. गाय आणि म्हैस यांचा होत नाही. इथल्या बऱ्याच बायसन कळपांत जुन्या संकरामुळे गाईचा थोडाफार अंश सापडतोही. ज्यांच्या घरात गाय वर्ज्य आहे त्यांनी हे जाणून मग ठरवावं. दुकानदाराच्या लेखी बीफ वेगळं आणि बायसन वेगळं. पण श्रद्धेचा प्रश्न दुकानाच्या पाटीवर सोडवता येत नाही. मी खाते, माझा नवरा खातो, मुलं खातात. सासूबाई खात नाहीत. कुणाला विचारल्याशिवाय मी ते वाढत नाही, आणि डब्यावर चिठ्ठी लावल्याशिवाय मंडळात नेत नाही.

तब्येतीचं मात्र जरा लांबण लावून सांगावं लागेल.

सात वर्षांपूर्वी नवऱ्याचे रक्ताचे रिपोर्ट आले. वय बेचाळीस, पोट नाही, सिगारेट नाही, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो आई-वडील कुठले याचा. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक धरला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही कोल्हापूरचे, रविवारी मटण ठरलेलं. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, घरी कोणतं मांस शिजतं? मी म्हटलं, लँबचा, म्हणजे कोवळ्या मेंढीचा खिमा. भारतीय दुकान लांब असल्यामुळे बोकडाचं मटण महिन्यातून एकदाच यायचं, एरवी सुपरमार्केटमधला लँब. त्यात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम चरबी सहज असते. त्यांनी बायसन सुचवलं.

अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्यात गवतावर वाढलेल्या बायसनच्या कच्च्या खिम्यात १०० ग्रॅमला साधारण ७ ग्रॅम चरबी, २० ग्रॅम प्रथिनं आणि १४६ कॅलरी आहेत. नेहमीच्या '८०-२०' बीफच्या खिम्यात २० ग्रॅम चरबी आणि २५४ कॅलरी. शिवाय लोह आणि बी-१२ चांगलं. पण थांबा, त्याच तक्त्यात साध्या बायसन खिम्याची दुसरी नोंद आहे, आणि तिच्यात चरबी जवळजवळ १६ ग्रॅम आहे. पुष्कळ बायसन शेवटचे काही महिने धान्यावर पोसतात, आणि खिम्यात कोणता भाग घातला यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणजे पाकिटावर बायसनचं चित्र आहे म्हणून मांस कमी चरबीचं होत नाही. मी पाकीट उलटं करून मागचा तक्ता वाचते आणि चरबी दहा टक्क्यांच्या वर दिसली तर परत ठेवते. पाऊंडाला दहा-बारा डॉलर मोजायचे तर तेवढं बघायलाच हवं.

आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते आता सांगते. बोकडाचं मटण, चरबीचे तुकडे काढून, त्याच तक्त्यात बघा: १०० ग्रॅमला जेमतेम अडीच ग्रॅम चरबी. सोललेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात साधारण तेवढीच. कोल्हापुरात, पुण्यात, मडगावात राहून मला बायसन कुठे मिळेल असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की तुमच्या खाटकाकडे जे टांगलेलं आहे ते यापेक्षा हलकं आहे. नुकसान करतो तो वरचा कट, आपली तर्री. हे मला बायसनने शिकवलं, आणि तेही पहिला खिमा वाया घालवून.

पहिल्यांदा मी तो अगदी आईच्या पद्धतीनं केला. चार मोठे चमचे तेल, अर्धी वाटी सुकं खोबरं, मोठ्या आचेवर परतून कुकरच्या दोन शिट्ट्या. झाकण उघडलं तर लाल तेलावर कोरडी, टणक चुरी तरंगत होती. दाताखाली वाळूसारखी लागली. मुलांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. रात्री मी कागद घेऊन हिशेब केला. पाऊंडभर, म्हणजे ४५४ ग्रॅम बायसनमध्ये चरबी होती ३३ ग्रॅमच्या आसपास. मी ओतलेल्या तेलाची ५५ ग्रॅम. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं, ते निराळं. कमी चरबीचं मांस महाग घेऊन मी त्याला दुप्पट चरबीत बुडवलं होतं, आणि तरीही ते कोरडं झालं होतं.

कोरडं का होतं, तर बायसनच्या धाग्यांत चरबी फारशी नसते. लँबमध्ये शिजताना ती वितळते आणि खिमा मऊ ठेवते. बायसनमध्ये असतं ते पाणी, आणि जास्त आचेवर, जास्त वेळ ठेवलं की ते निघून जातं. त्यामुळे त्याला ओलावा बाहेरून द्यायचा, आणि लवकर उतरवायचं.

आता मी असं करते. एक मोठा चमचा तेल, जाड बुडाची पसरट कढई. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून, झाकण ठेवून त्यांच्याच पाण्यात मऊ करायचे. मग आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. आमची चटणी दीड चमचा (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: कांदा-लसूण मसाला, आम्ही त्याला चटणीच म्हणतो). बायसनला अंगचीच थोडी गोडसर चव असते, म्हणून गोडा मसाला मी घालत नाही, काळी मिरी थोडी वाढवते. खोबरं एकच चमचा, भाजून चुरलेलं, वासापुरतं. मग खिमा घालायचा आणि लगेच ढवळत सुटायचं नाही. पसरून मिनिट-दीड मिनिट तसाच सोडायचा, खालून रंग धरला की लाकडी चमच्यानं गुठळ्या मोडायच्या. तो इतका गडद लाल असतो की तपकिरी झालाय की नाही ते डोळ्यांना नीट समजत नाही. आच मध्यम. अर्धी वाटी फेटलेलं दही दोन वेळा करून घालायचं, मग वाटीभर गरम पाणी, झाकण, आणि दहा-बारा मिनिटांत काम झालं. कुकर नाही.

एक गोष्ट मात्र कधीही चुकवू नका. मधोमध थर्मामीटर खुपसून ७१ अंश सेल्सिअस आलेच पाहिजेत. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बाहेरच असतात, पण दळताना ते आतपर्यंत मिसळतात. २०१९ मध्ये इथे बायसनच्याच खिम्यातून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली होती. चांगलं मांस म्हणून कच्चट खाल्लं तर चालतं असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

आणि आता आमच्या घरची खरी भर: अख्खा मसूर. आमच्याकडच्या ढाब्यांवर मिळतो तोच. एक वाटी मसूर रात्री भिजवून वेगळा, बोटानं दबेल इतपत शिजवायचा आणि खिमा उतरवायच्या पाच मिनिटं आधी त्यात सोडायचा. पाऊंडभर खिमा चौघांना दोन वेळा पुरतो, मसुराचा दाणा ओलावा धरून ठेवतो, आणि डाळीतलं लोह मांसाबरोबर खाल्लं की अंगी जास्त लागतं. वरून लिंबू पिळायचं, त्यानंही तेच काम होतं. ज्वारीची भाकरी इथे मला धड थापता येईल असं पीठ क्वचित मिळतं, पण मिळालं की त्या दिवशी दुसरं काही नको.

किती खावं, हेही विचारतात. बायसन लालच मांस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, त्यातून बायसन सुटत नाही. आम्ही महिन्यातून दोनदा करतो. नवऱ्याचं एलडीएल उतरलं, पण ते बायसननं उतरलं असं मी म्हणणार नाही. औषध सुरू झालं, चालणं सुरू झालं, आणि घरात महिन्याला लागणारं तेल निम्म्यावर आलं.

दोनदाच करण्यामागे माझं आणखी एक कारण आहे. डेन्व्हरहून डोंगराकडे निघालं की आय-सत्तर महामार्गाला लागून जेनेसी पार्कमध्ये शहराचा स्वतःचा बायसनचा कळप आहे. हिवाळ्यात मी मुलांना घेऊन कुंपणाशी जाते. बायसन मान खाली घालतो आणि डोकं डावीकडून उजवीकडे झाडूसारखं फिरवतो. बर्फ उडतो, खालचं पिवळं गवत उघडं पडतं, तेवढं खातो, पाऊल पुढे टाकतो. वशिंडातले स्नायू त्या डोक्यासाठीच आहेत. भुवयांवर बर्फ साचलेला, नाकातून वाफ. एके काळी या मैदानांवर असे काही कोटी होते. १८७० च्या दशकात कातड्यांसाठी रेल्वेनं शिकारी आले, आणि बायसन संपला की त्यावर जगणारी लकोटा, शायान ही इथली आदिवासी माणसं शरण येतील, हे सैन्याच्या अधिकाऱ्यांनाही हवंच होतं. शतक संपताना हजारही उरले नव्हते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९०२ साली जेमतेम दोन डझन. आज ते लाखांत आहेत, बहुतेक खाजगी रँचवर, म्हणजे मांसासाठीच. डेन्व्हर शहर २०२१ पासून आपल्या कळपातली वाढीव जनावरं आदिवासी जमातींना परत देतं, त्यांच्या जमिनीवर त्यांचे कळप उभे राहावेत म्हणून. लकोटा लोक वाळवलेलं बायसन कुटून, चरबी आणि रानबोरांसारखी आंबट फळं मिसळून 'वस्ना' करत आले आहेत, थंडीत महिनोन् महिने टिकणारा. माझ्या कढईतल्या खिम्यामागे त्यांचा हा इतिहास आहे हे मुलांना ठाऊक असावं असं मला वाटतं, म्हणून मी कुंपणाशी उभी राहून त्यांना हे सगळं सांगते. धाकटा प्रत्येक वेळी विचारतो, "मग आपण का खातो?" मी सांगते, पाळलेला आहे म्हणून, आणि थोडाच खातो म्हणून. त्याचं समाधान झालंय असं मला अजून वाटलेलं नाही. तो विचारत राहतो आणि मी त्याला गप्प करत नाही.

सासूबाई दर दोन वर्षांनी सहा महिने येतात. मागच्या खेपेला त्या स्वतःच म्हणाल्या, "तुम्ही करा गं पोरांसाठी, माझं काही म्हणणं नाही, फक्त माझी भांडी वेगळी ठेव." मी केलं नाही. सहा महिने त्याच कढईत, त्याच चटणीत, नुसता मसूर शिजला.