काकांच्या वारस नोंदीचा माझा अनुभव

आमची जमीन वडील आणि काकांच्या सामाईक नावावर. आजोबांच्या पश्चात वाटप असं कधी झालंच नाही. मधे बांध घालून दोघे आपापलं कसत होते, सातबाऱ्यावर मात्र खातं एकच. काका वारल्यावर बरेच महिने वारस नोंदीचा विषयच कोणी काढला नाही. तो निघाला शेतकरी ओळख क्रमांकामुळे. योजनांसाठी तो लागतो, आणि मयताच्या नावाने तो निघणार कसा? काकू थकलेल्या, दोन्ही चुलत बहिणी सासरी, त्यामुळे कागदांची पिशवी माझ्याकडे आली.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्याचं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून नोंद अडत नाही. अडते ती वेगळ्याच गोष्टींवर.

पहिला सल्ला पारावरच मिळाला. "काकूंचं एकटीचं नाव लाव. पोरी काय शेती करायला येणारेत? फार तर संमती लिहून घे त्यांची." ऐकायला सोयीचं, पण हिंदू वारसा कायदा 1956 नुसार बायको, मुलगा, मुलगी हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, मुलीचं लग्न झालं म्हणून ती वगळली जात नाही. वारसांची नावं आधी सगळ्यांची लागतात. कुणाला हक्क सोडायचाच असेल, तर त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. साध्या कागदावरच्या संमतीला तिथे किंमत नाही. म्हणून प्रतिज्ञापत्रात वंशावळ पूर्ण लिहिली. दोघींची सासरची नावं घातली आणि पुढे 'पूर्वाश्रमीची' म्हणून माहेरचं नावही टाकलं, म्हणजे आधार कार्ड आणि वंशावळ यांचा मेळ बसतो.

अर्ज ई-हक्क प्रणालीवरून भरला. मयताचं नाव खात्यातून निवडायचं, मृत्यूची तारीख टाकायची, वारस आणि त्यांचं नातं भरायचं, कागद स्कॅन करून जोडायचे. यात काही अवघड नाही. पण अर्ज त्रुटी म्हणून परत आला. मृत्यू दाखल्यावर 'बाळासाहेब', सातबाऱ्यावर 'बाळू'. हा बाळू तोच कशावरून?

नुसतं प्रतिज्ञापत्र देऊन भागेल असं कार्यालयात एकाने सांगितलं, दुसऱ्याने नाही म्हटलं. शेवटी मी उलटा गेलो. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशी ते ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, लागलं त्याचा नंबर असतो. तो घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफाराची नक्कल काढली. आजोबांच्या वेळची वारस नोंद. शाई फुटलेली, अक्षर तिरकं, पण वाचता येत होतं: बाळू, वय 14, अ.पा.क. आई. म्हणजे अज्ञान (अल्पवयीन), पालनकर्ती आई. काका तेव्हा शाळकरी होते, आजीला पालनकर्ती दाखवून घरात हाक मारायचं नाव तलाठ्याने जसंच्या तसं चढवलं होतं. मग सातबारा नीट पाहिला, तर अ.पा.क. शेरा अजून तसाच. सत्तरीत वारलेला माणूस महसूल दप्तरी अज्ञानच राहिला होता! काकांनी कर्ज काढलं, फेडलं, कुणाला खटकलं नाही.

ती नक्कल, काकांचा शाळा सोडल्याचा दाखला (त्यावर आजोबांचं नाव आणि जन्मतारीख, वय बरोबर जुळलं) आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे जोडल्यावर फेरफार नंबर पडला. माझं मत विचाराल तर घरात म्हाताऱ्या माणसांची अशी दोन-दोन नावं असतील, तर ती त्यांच्या हयातीत दुरुस्त करून घ्या. त्यांनी स्वतः समोर उभं राहून सांगणं आणि मागे राहिलेल्यांनी सिद्ध करत बसणं यात फार फरक आहे.

फेरफार पडला की हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस. सहखातेदार म्हणून वडिलांनाही आली आणि ते घाबरले, "काकूने माझ्यावर केस टाकली की काय?" ही नोटीस ओळ न् ओळ वाचावी. आमच्या नोटिशीत थोरलीच्या सासऱ्यांचं नाव नवऱ्याच्या जागी पडलं होतं, तेव्हाच दाखवलं म्हणून जमलं. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मग अशा चुकीसाठी त्याच संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे जावं लागतं.

हरकत आली नाही, नोंद प्रमाणित झाली. आता काकांचं नाव कंसात गेलंय, म्हणजे कमी झालंय, खाली काकू आणि दोघी बहिणी. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा अर्थात तसाच आहे, वारस नोंदीने कर्ज पुसत नाही. आणि फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हेही खरं. भांडण झालंच तर ते दिवाणी कोर्टातच मिटतं.

थोरली हक्कसोड करायला तयार आहे, धाकटी म्हणते माझं नाव राहू दे. मी त्यात पडलो नाही. वडील धडधाकट आहेत तोवर संमतीने कलम 85 ची वाटणी करून खातं वेगळं करावं, असं आमचं ठरतंय. त्या अर्जावर काकूंबरोबर आता दोघींच्याही सह्या लागतील, म्हणून दिवाळीत सगळे घरी असताना बसायचं ठरवलंय.