डेथ व्हॅलीत आकाशगंगेचे फोटो काढताना

इथे कॅलिफोर्नियात आल्यापासून कॅलेंडरमध्ये मी आधी अमावस्या शोधते, कारण डेथ व्हॅलीच्या वाळवंटात तारे टिपायचे तर चंद्र नको. उन्हाळ्यात तिकडे जायचं नावही काढू नका, जुलै १९१३ मध्ये तिथल्याच फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झालीये. पण मार्च-एप्रिलच्या रात्री सुखाच्या असतात, आणि २०१३ पासून हे नॅशनल पार्क अधिकृत डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारी जागा, आहे.

माझी लाडकी जागा म्हणजे मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या. रात्रीचा फोटो म्हटलं की सगळे आकाशाबद्दलच बोलतात, पण माझ्या मते तो फोटो जमतो किंवा फसतो ते जमिनीवर, आणि ती जमीन उजेड असतानाच शोधावी लागते. रस्त्याजवळच्या टेकड्या दिवसभर लोकांनी तुडवलेल्या असतात आणि लाँग एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत, तो एकेक पायाचा ठसा दिसतो, म्हणून बरंच आत चालत जायचं, जिथे वाऱ्याने वाळू नुकतीच विंचरून ठेवलीये आणि जिची धार आग्नेयेकडे जाते अशी टेकडी बघायची, कारण आकाशगंगेचा मधला भाग तिकडूनच उगवतो. ट्रायपॉड तिथे रोवला की मग हलवायचा नाही. सूर्य मावळल्यावर निळसर उजेड असतो त्यात कमी आयएसओवर (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता कमी ठेवून) वाळूचे फोटो काढून ठेवायचे, आणि नंतर आकाशाच्या फोटोशी ते जोडायचे. काहींना हे चालत नाही. मला चालतं, जागा तीच आणि रात्र तीच असेल तर. दुसरीकडचं आकाश आणून चिकटवणं मात्र अजिबात पटत नाही.

एप्रिलच्या मध्यावर आकाशगंगेचा तो मधला भाग वर यायला रात्रीचा एक वाजतो. तोवर फोकस करून घ्यायचा. ऑटोफोकस अंधारात कामाचा नाही, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, एखादा ठळक तारा झूम करून लेन्सची फोकस रिंग अगदी हळू फिरवायची, तो पसरट ठिपका लहान लहान होत टाचणीच्या टोकाएवढा झाला की थांबायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. मग २० एमएम लेन्स, एफ २.८ (लेन्सचं तोंड बरंच उघडं), आयएसओ ३२०० ते ६४००, शटर साधारण १५ सेकंद उघडं. जास्त वेळ ठेवलं तर पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे लांबट येतात. वाळू उडत असताना लेन्स बदलू नका. टॉर्च लालच वापरा, पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की अंधाराला परत सरावायला वीस-तीस मिनिटं जातात.

पूर्वेला क्षितिजावर लास व्हेगासचा पिवळट उजेड दिसतोच, सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास लांब असून! तीननंतर आकाशगंगा दक्षिणेकडे सरकते आणि त्या उजेडातून सुटते, माझे चांगले फोटो सगळे त्याच वेळचे.

आणि महाराष्ट्रातल्या मंडळींनो, आकाशगंगेचा हा मधला भाग मूळ नक्षत्राच्या अगदी शेजारी आहे, इथून तो क्षितिजापासून फार तर २५ अंश वर येतो, तिकडून मात्र ४० च्याही वर, म्हणजे तुम्हाला तो जास्त चांगला दिसायला हवा, फक्त अंधार पाहिजे. मार्चमध्ये अमावस्येच्या आसपास शहरापासून लांब असाल तर पहाटे चार-साडेचारला उठा, विंचवाची नांगी शोधा आणि तिच्या थोडं डावीकडे कॅमेरा लावा.