स्पेक्ट्रम वर पाठवायचा, तर त्याचा सूर पाठवायचा

उत्तरायण होऊन पाच दिवस झाले होते. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवर अँटेनाच्या काड्यांत मांजा गुंतून बसला होता. तो सोडवायला मी क्लॅम्प सैल केला, काड्या पुसल्या, क्लॅम्प पुन्हा आवळला. हवा इतकी स्वच्छ होती की ईशान्येला पावागड दिसत होता. तिथे माचीवर माझा भाचा आणि शेजारचे काका एक ॲल्युमिनियमची पेटी घेऊन बसले होते. पेटी दहा सेंटिमीटरची, तिन्ही बाजूंनी, क्यूबसॅट नावाच्या छोट्या चौकोनी उपग्रहाच्या मापाची. काका जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत, परवाना त्यांचा, वॉकीटॉकी त्यांची. पेटीत आमचा स्पेक्ट्रम होता, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, जो आम्हाला अंतराळात पाठवायचाय.

म्हणजे त्यातलं जेवढं वर जाऊ शकेल तेवढं.

मूळ मशीन बाबांनी १९८७ साली घेतलं. भारतात डेसिबेल्स कंपनी परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकायची, ४८ के (किलोबाइट) मेमरीचा, काळ्या कडक बटणांचा, डाव्या कडेला रीसेटचं बटण असलेला. बाबा कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, प्रयोगशाळेत होते. दिवाळीचे पैसे आणि पोस्टातली एक ठेव मोडून त्यांनी तो आणला तेव्हा मी सातवीत होते. पडदा म्हणजे घरातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, डिस्क म्हणजे टू-इन-वनमधली कॅसेट. प्रोग्राम आवाजातून यायचा. आधी एक लांब सरळ सूर, पायलट टोन, साधारण ८०० हर्ट्झचा. मग खरखर, तीच माहिती.

आई बडोद्याच्या संगीत महाविद्यालयात गाणं शिकलेली. स्वयंपाकघरातून तिला टीव्ही दिसत नसे, पण टेपचा पट्टा सैल झाला की ती तिथूनच सांगायची, "उतरलाय गं, नाही लागायचं." आणि खरंच लागायचं नाही. चार मिनिटं वाट बघून शेवटी पडद्यावर टेप लोडिंग एरर. व्हॉल्यूम नेमका कुठे ठेवायचा त्याची खूण तिनं नेलपॉलिशच्या ठिपक्यानं करून ठेवली होती. तो ठिपका अजून आहे.

जुना घरगुती कॉम्प्युटर छोट्या उपग्रहातून अंतराळात पाठवायचा, हे वेड मला तीन वर्षांपूर्वी लागलं. त्याआधी पंचवीस वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे पहिला महिना फक्त काय-काय काढावं लागेल याची यादी करण्यात गेला. कीबोर्डखालची प्लास्टिकची पातळ शीट निर्वात जागेत वायू सोडत राहील, काढा. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढा. व्होल्टेज रेग्युलेटर ज्या पत्र्यावर बसवलाय तो हवेच्या भरवशावर थंड होतो, आणि वर हवाच नाही. तिथे उष्णता एक तर धातूतून वाहून पेटीच्या अंगाला जाते, नाही तर किरणांनी बाहेर पडते. सुरुवातीच्या १६ के मेमरीला तीन वेगळी व्होल्टेज लागतात. टीव्हीचा मॉड्युलेटर निरुपयोगी. मूळ बोर्ड तर दहा सेंटिमीटरच्या पेटीत मावतच नाही.

एवढं सगळं काढल्यावर जे उरतं त्याला स्पेक्ट्रम म्हणायचं का, हा प्रश्न मला खरोखर छळत होता. डबा रिकामा करून फक्त नाव पाठवायचं असेल तर मला त्यात रस नव्हता.

चिप पाठवण्यात नवल काही नाही. सरे विद्यापीठाचा यूओसॅट-१ हा छोटा उपग्रह ऑक्टोबर १९८१ मध्ये वर गेला, त्यात आरसीएची १८०२ ही चिप होती. १९७६ पासून हौशी लोक घरी टेबलावर जे कॉस्मॅक एल्फ नावाचं मशीन जोडायचे, त्यातलीच ती चिप. पुढे १९८९ मध्ये गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानातही तीच. तेव्हा घरातलं सिलिकॉन वर जाऊन आलेलं आहे. मला हवं होतं ते घरपण, आणि ते माझ्या मते त्या आवाजात होतं.

मग विचार उलटा केला. वरच्या स्पेक्ट्रमनं 'सेव्ह' करायचं आणि खालच्या स्पेक्ट्रमनं 'लोड'. मध्ये कॅसेटऐवजी रेडिओ. वरचं मशीन तोच सूर एफएमवर सोडेल आणि खाली ज्याच्याकडे वॉकीटॉकी आणि जुना स्पेक्ट्रम आहे त्यानं इअरफोनची वायर मागच्या 'इअर' सॉकेटमध्ये खुपसायची. अशी रीत अगदीच नवी नाही. मार्च १९८४ मध्ये गेलेला यूओसॅट-२ हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर सुरांतूनच माहिती पाठवायचा, आणि ती साध्या रिसीव्हरवर पकडून घरातल्या, शाळेतल्या कॉम्प्युटरवर वाचता यायची.

गणित मांडून बघितलं तर फार सुंदर जमलं. स्पेक्ट्रमचा टेपचा वेग सरासरी सेकंदाला साडेतेराशे बिट. एक पूर्ण पडदा ६,९१२ बाइटचा, म्हणजे साधारण ४० सेकंद. पूर्ण ४८ के मेमरी, पाच मिनिटांच्या आत. सुमारे ३५० किलोमीटरवरून जाणारा उपग्रह डोक्यावरून गेला तर चांगला ऐकू येतो तोही पाच-सहा मिनिटंच. एक कॅसेट, एक फेरी.

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न विचारला तो मला माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. "आगगाडी जवळून जाताना शिट्टी उतरते ना? मग याचा सूर नाही का उतरणार?" उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं जातो, तेव्हा शंका रास्त आहे. पण सरकते ती रेडिओची लहर, १४५ मेगाहर्ट्झला फार तर तीन-साडेतीन किलोहर्ट्झ, आणि एफएम रिसीव्हर तेवढं सांभाळून घेतो. तिच्यावर बसून आलेला सूर मात्र ८०० हर्ट्झमागे एक पंचमांश हर्ट्झही हलत नाही. आई म्हणाली, "मग ठीक आहे."

पेटीतल्या बोर्डावर शेवटी काय आहे ते सांगते. झेड-८०, म्हणजे स्पेक्ट्रमचा मेंदू असलेली चिप, तिच्या कमी वीज खाणाऱ्या सीमॉस प्रकारातली. ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीनं एप्रिल २०२४ मध्ये ही जुनी चिप बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि शेवटच्या ऑर्डरी जूनपर्यंत घेतल्या, तेव्हा मी चार मागवून ठेवल्या. कमी वीज खाणारी स्थिर मेमरी. बाबांच्या मशीनमधला १६ के रॉम, म्हणजे कायमचा कोरलेला मूळ प्रोग्राम, वाचून त्याची बाइटन् बाइट नक्कल. आणि किरणोत्सारानं एखादा बिट उलटून मशीन अडकलं तर त्याला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग. डाव्या कडेच्या रीसेट बटणावर बाबांचं बोट असायचं, तिथे आता हा बसलाय.

एक अडचण मात्र मला हलवून गेली. रॉममधली 'सेव्ह'ची आज्ञा दिली की स्पेक्ट्रम म्हणतो, टेप सुरू करा आणि कुठलंही बटण दाबा. तो माणसाची वाट बघतो. वर कोण असणार बटण दाबायला? भाच्यानं उपाय शोधला. तो संदेश टाळून थेट रॉममधल्या १२१८ या पत्त्यावर उडी मारायची. सूर काढण्याचं काम तिथून सुरू होतं. रॉमला हात लावावा लागला नाही. त्या रात्री मी त्याला माझा सोल्डरिंग आयर्न देऊन टाकला.

तर त्या रविवारी. काकांनी माचीवरून सुरुवात केली. गच्चीवर सूर आला, टीव्हीच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे धावले आणि माझ्या अंगावर काटा आला. मग निळे-पिवळे पट्टे आले आणि अर्ध्यात सगळं थांबलं. एरर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. मी नेलपॉलिशच्या ठिपक्यासारखी खूण शोधत व्हॉल्यूम वरखाली करत होते.

आई आता ८१ वर्षांची आहे. जिने चढत नाही, खालच्या खोलीत उंधियूची पापडी निवडत बसली होती. तिनं हाक मारली, "अगं, सूर बरोबर आहे. पण मागे खूप वारा आहे."

वारा म्हणजे खरखर. सूर ठीक, पण आवाज क्षीण, म्हणजे दोष टेपच्या बाजूचा नाही, अँटेनाचा. वर पाहिलं तर मांजा काढताना सैल केलेला दांडा फिरून काड्या आडव्या झाल्या होत्या. काकांची अँटेना उभी, माझी आडवी. एवढ्यानं सिग्नल शंभर पटींनी पडू शकतो. मी काड्या उभ्या केल्या. (वर पेटी गोल-गोल फिरत असेल तेव्हा हा घोळ सतत होत राहणार, म्हणून खाली फुलीसारखी दुहेरी अँटेना लागेल. ही नोंद त्याच दिवशी वहीत गेली.)

चौथ्या वेळी पडदा भरायला लागला. स्पेक्ट्रमचा पडदा तीन तुकड्यांत भरतो, आणि आम्ही पाठवला होता तो मशीन जागं झाल्यावरचा पडदा, अगदी रिकामा, फक्त तळाशी एक ओळ. त्यामुळे पहिले दोन तुकडे काहीच दिसत नाही. मग सर्वांत खाली आधी अक्षरांचे माथे उमटले, मग पोट, मग पाय. © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. जे पन्नास किलोमीटरवर एका बंद पेटीत, पडदा नसताना लिहिलं गेलं होतं, ते बाबांच्या मशीनवर वाचता आलं.

आता पुढचं. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा काम संपल्यावर फेकून न देता इस्रो त्याचा प्रयोगांसाठी मंच करते, त्याला पोएम म्हणतात. ३० डिसेंबर २०२४ रोजी निघालेल्या अशाच मंचावर चवळीच्या बियांना कोंब फुटले होते. संस्था आणि महाविद्यालयंही त्यावर प्रयोग पाठवतात. आमचा अर्ज एका महाविद्यालयाच्या नावानं तयार होतोय. तापमानाच्या आणि हादऱ्यांच्या चाचण्या व्हायच्या आहेत, हॅम वारंवारितेची परवानगी मिळवायची आहे. काका म्हणतात दोन वर्षं धर.

मी खाली आले तेव्हा आईनं पापडी बाजूला ठेवली होती.

"लागलं ना?" तिनं विचारलं. "मला शेवटी कळलं, सूर एकदम मोकळा झाला."