बेभान व्हावं, पण पाळीपाळीनं

महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा १९७१ सालचा ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ हा अल्बम ऐकणारा बहुधा जॉन मॅक्‌लॉफ्लिनच्या गिटारवर नाहीतर बिली कॉबमच्या ड्रमवर फिदा होतो. साहजिकच आहे. पण एवढ्या धुमाळीत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हरवत कशी नाही, हे कळायला रिक लेर्डची बेस गिटार ऐकावी. तबल्याच्या सोलोमागे हार्मोनियमवाला लेहरा, म्हणजे तीच तीच सुरावट, धरून बसतो ना, तेच काम. आणि कौतुकही तितकंच कमी! पुढे हा गृहस्थ छायाचित्रकार झाला.

त्यातलंच ‘द डान्स ऑफ माया’ घ्या. सुरुवातीची गिटार १० मात्रांत फिरते, ३-३-४ अशी. मग २० मात्रांचा झुलता ब्लूज येतो आणि शेवटी दोन्ही एकमेकांवर चढतात. दहाची दोन आवर्तनं म्हणजे वीस, म्हणून सम जुळते.

हे वाजवायचं तर आधी वाद्यं खाली ठेवा. टाळी देत म्हणा: तकिट, तकिट, तकधिमि. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) सुरुवातीला प्रत्येक मात्रेला, जम बसला की फक्त समेला. मधल्या नऊ मात्रा तुमच्या जबाबदारीवर. घात होतो तो शेवटच्या चारात. तीनची सवय लागलेली असते, एक मात्रा गिळली जाते आणि सम आधीच येऊन बसते.

मग बेभान कधी व्हायचं? जरूर व्हा, पण एका आवर्तनात एकानंच. ड्रमर आणि बेसवाला दोघंही एकदमच जागा भरायला लागले की सोलोवाला मनात मात्रा मोजू लागतो, आणि मोजणाऱ्याचं वाजवणं लगेच लाकडी होतं. डिस्टॉर्शनचं, म्हणजे गिटारच्या फाटक्या, खरखरीत आवाजाचंही तसंच. पहिल्यापासून पूर्ण सोडलं तर हलका आणि जोरकस आघात सारखेच ऐकू येतात, चढायला वर काही उरत नाही. गिटारचा व्हॉल्यूम ५-६ वर ठेवून सुरुवात करावी, १० शेवटच्या दोन आवर्तनांसाठी राखावा.

गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड एकच ओळ एकत्र वाजवतात तिथे मात्र कुणीही हौस करू नये. व्हायोलिनची मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) आणि गिटारची ओढलेली तार वेगवेगळ्या वेळी सुरावर पोचतात; तेवढ्यानं ओळ फाटते.

सोलोतून बाहेर पडायला तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, उत्तम. ७ मात्रांचा तुकडा समेपासून न थांबता तीनदा वाजवा. एकूण २१, म्हणजे दोन आवर्तनं संपून शेवटचा आघात बरोबर समेवर. ड्रमरला आधी सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही चुकलात असं समजून तो बिचारा तुम्हाला सावरायला धावेल.