हवा फार आळशी असते

खाणीत व्हेंटिलेशन बघतो म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे पंखे लावता?" लावतो की. पण मुख्य पंखा असतो वर, जमिनीवर, आणि बहुतेक खाणींत तो हवा आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. ताजी हवा एका शाफ्टमधून, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या भुयारातून, खाली येते, माणसा-यंत्रांवरून फिरून तापते, मळते आणि दुसऱ्या शाफ्टने वर जाते. मधे जवळची वाट सापडली तर ती फेसपर्यंत, म्हणजे जिथे खणणं चालू असतं तिथपर्यंत, जायचे कष्ट घेतच नाही. माझी नोकरी म्हणजे तिच्या या पळवाटा बुजवणं.

त्या दिवशी अॅनिमोमीटर, हवेचा वेग मोजायचं यंत्र, घेऊन नेहमीच्या जागी उभा राहिलो. ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच गॅलरी, म्हणजे खाणीतला बोगदा. अंग चोरून, हात लांब करून मिनिटभर यंत्र सगळीकडून सावकाश फिरवायचं. मधे उभं राहिलं तर स्वतःच्याच पोटाने आकडा बिघडतो. एरवी तिथे वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे १८ घनमीटर हवा. आज ०.६. पुन्हा मोजलं, तेच.

अशा मंद हवेत मिथेनची धास्ती. हलका वायू, छताला चिकटून थर धरतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. माणसं मागे घेतली आणि हवा कुठे गळतेय ते शोधत निघालो.

सुपरवायझर म्हणाला, "साहेब, पंख्याचा वेग वाढवायला सांगू?" हा उपाय सगळ्यांनाच आधी सुचतो. पण त्याच वाटांतून दुप्पट हवा न्यायची तर दाब चौपट लागतो आणि वीज आठपट. शिवाय भोक तसंच राहतं, त्यातून नुसती जास्त हवा पळते.

भोक सापडलं ते एअरलॉकला. ताज्या आणि वापरलेल्या हवेच्या वाटांमधे एकामागे एक दोन दारं, एका वेळी एकच उघडायचं. कुणीतरी लांब पाइप न्यायला दोन्ही उघडली होती आणि लाकडी ठोकळे लावून तशीच सोडली होती. वारा नुसता घोंघावत होता. ठोकळे पायाने उडवले, दारं धाडकन मिटली. मग मी मुद्दाम एक ओढून पाहिलं. ४ चौरस मीटरचं दार, ५०० पास्कल दाब म्हटला तरी २०० किलोचं ओझं. हललं नाही. दारातली छोटी झडप सरकवून दाब उतरवल्यावर उघडलं.

गॅलरीत परत मोजलं: दीड. फेसवर छताजवळ मिथेनचा डिटेक्टर फिरवून मगच माणसं आत सोडली.

ठोकळे मी सोबत वर घेऊन आलो. पुढच्या आठवड्यात तिथे नवे होते.